सुट्या भागांची यादी : गिटारच्या पेडलने शिकविलेला धडा

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयीची कृतज्ञता असावी, हे ओघानेच आले. त्यांच्याबरोबर एखादा उपयोगी धडाही असावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. गिटारचा आवाज बदलणारे पेडल घरी तयार करावयाचे असेल, तर त्याचे सुटे भाग कसे ठरवावेत, कसे मागवावेत आणि आल्यावर कसे मांडून ठेवावेत, एवढाच हा विषय आहे. परंतु याच कामात आम्ही एकदा सपशेल फसलो. त्या फसगतीची किंमत आमच्यापेक्षा मुलांनी अधिक मोजली. म्हणून हा अनुभव माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे मोकळेपणाने मांडावा, असे आम्हांस वाटले.

आम्ही म्हणजे वसतिगृहातील मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा छंदवर्ग चालविणारे काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी. बोळिंज आणि भोवतालच्या वसई-विरार परिसरात वाद्यांचे वेड जुने आहे. येथील ख्रिस्ती घरांतून गिटार ऐकू येते, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत बँजो नसेल तर पावले उचलत नाहीत. आपण ज्याला बँजो म्हणतो त्या बुलबुल-तरंगालाही आता पिकअप बसवून त्याचा आवाज अँप्लिफायरकडे नेला जातो. मुलांना ही वाद्ये वाजवावयाची असतात आणि त्यांचा आवाज ध्वनिफितीतल्यासारखा भरदार यावा, अशीही त्यांची इच्छा असते. बाजारातील तयार पेडल त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. ते आपणच का घडवू नये, या प्रश्नातून आमचा उपक्रम सुरू झाला.

पेडल म्हणजे काय?

गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये पायाशी ठेवलेली छोटी पेटी म्हणजे पेडल. तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये अगदी क्षीण विद्युत्संकेत निर्माण होतो. पेडल तो संकेत मोठा करते, त्याची टोके छाटते किंवा त्याचा प्रतिध्वनी तयार करते. पायाने बटण दाबले की परिणाम सुरू होतो, पुन्हा दाबले की थांबतो.

या पेट्यांचा इतिहास फार लांबचा नाही. १९६२ साली अमेरिकेत मॅस्ट्रो या नावाने फझ-टोन हे पेडल बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘सॅटिसफॅक्शन’ गाण्यातून त्याचा खरखरीत आवाज जगभर पोहोचला. १९६६ मध्ये लंडनमध्ये फझ फेस निघाले. त्याच्या मंडलात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नियंत्रक, असे अवघे अकरा भाग होते. जिमी हेंड्रिक्सच्या वादनातून ज्याची कीर्ती झाली ते हेच पेडल. पुढे १९६८ मध्ये न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारा एलपीबी-१ हा बूस्टर काढला. बूस्टर आवाजाचा रंग फारसा बदलत नाही, तो केवळ संकेत मोठा करतो. नवशिक्यासाठी याहून सोपे मंडल सापडणे कठीण. गिटारप्रमाणेच पिकअप लावलेल्या बँजोलाही तो चालतो. म्हणून आम्ही याच मंडलापासून आरंभ केला.

आमची फसगत

पहिल्या वर्षी दहा मुलांची दहा पेडले करावयाचे ठरले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी दिली. त्यांपैकी काहींनी ती आपल्या पहिल्या पगारातून दिली होती. आमच्याजवळ आराखडा होता, उत्साह होता. यादी मात्र एका वहीच्या पाठकोऱ्या पानावर घाईने उतरविलेली होती.

त्या पानावर ४७ किलोओहमच्या ठिकाणी नुसते ‘४७’ लिहिले गेले. दुकानदाराने प्रामाणिकपणे ४७ ओहमचे रेझिस्टर बांधून दिले. म्हणजे मूल्य हजारपटींनी चुकले. ‘स्टिरिओ जॅक’ एवढेच लिहिल्यामुळे गिटारच्या जाड पिनेचे नव्हे, तर मोबाइलच्या हेडफोनचे बारीक जॅक आले. काही ट्रान्झिस्टर कमी पडले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचे, ‘तसेच चालणारे’ ट्रान्झिस्टर घेतले. त्यांच्या पायांचा क्रम उलटा होता, हे आम्ही पाहिलेच नाही. पायाने दाबावयाचा स्विच तर यादीत लिहावयाचाच राहिला. राहिलेल्या वस्तूंसाठी चार वेळा वेगवेगळी मागणी नोंदवली आणि चारही वेळा पाठवणीचा खर्च भरला.

स्नेहसंमेलनाच्या रात्री दहापैकी दोन पेडले वाजली. आठ मुले आपली मुकी पेटी मांडीवर घेऊन प्रेक्षकांत बसली होती. त्यांतला आठवीचा एक मुलगा कार्यक्रमानंतर आमच्याजवळ आला आणि त्याने विचारले, “सर, माझं काय चुकलं?” त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याचे सोल्डरिंग आमच्याहून स्वच्छ होते. त्याच्या मंडलात ४७ ओहमचा रेझिस्टर होता, आणि तो त्याच्या हाती आम्हीच दिला होता. चूक यादीची होती, पण तिचा भार त्याने आपल्या हातांवर घेतला होता.

त्या प्रश्नाने आम्हांला जागे केले. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी सोल्डरिंगची कांडी हातात धरलेली नाही, अशी मुले अपयश आले की ‘हे आपले काम नव्हे’ असे फार लवकर ठरवून टाकतात. चुकीचा भाग हाती देऊन त्यांना अपयशी करण्याचा अधिकार कोणासही नाही. तेव्हापासून नीट यादी हा आमच्या वर्गाचा पहिला पाठ झाला.

यादी कशी करावी?

आराखडा समोर ठेवावा आणि संकेत ज्या वाटेने जातो त्या वाटेने बोट फिरवीत प्रत्येक भाग लिहावा. आत येणाऱ्या जॅकपासून सुरुवात करून बाहेर जाणाऱ्या जॅकपर्यंत यावे. त्यानंतर वीजपुरवठ्याची वाट तशीच चालून पाहावी. शेवटी पेटी, खुंटी, दिवा या यांत्रिक वस्तू लिहाव्यात. असे केले म्हणजे काही विसरण्याचा संभव फार कमी राहतो. आमच्या बूस्टरची यादी अशी आहे:

• ट्रान्झिस्टर, बीसी ५४७ – १
• रेझिस्टर, पाव वॅट : १ मेगाओहम, ४७० किलोओहम, ४७ किलोओहम, १० किलोओहम, ३९० ओहम, आणि दिव्यासाठी ४.७ किलोओहम – प्रत्येकी १
• कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरड, ध्रुवता नसलेला – २
• डायोड, १एन ४००७ – १
• पोटेन्शिओमीटर, १०० किलोओहम, ‘ए’ प्रकार – १
• जॅक, ६.३५ मिलिमीटर : एक स्टिरिओ, एक मोनो
• पायाने दाबण्याचा नऊ टोकांचा स्विच – १
• अडॅप्टरचे सॉकेट, २.१ मिलिमीटर – १
• नऊ व्होल्ट बॅटरीची क्लिप – १
• एलईडी – १
• खुंटी – १
• धातूची पेटी – १

एका पेडलला १९ नग, दहांना १९०. शिवाय छिद्रांची पट्टी, तीन रंगांची वायर आणि सोल्डर.

यादीत प्रत्येक ओळीला पाच रकाने ठेवावेत : भागाचे नाव, पूर्ण मूल्य एककासह, एका पेडलला किती, सर्वांना मिळून किती, आणि राखीव किती. एकक कधीही गाळू नये. आमच्या वर्गात आता ‘४७’ असे लिहिलेली यादी परत केली जाते, मग ती शिक्षकाची का असेना.

राखीव किती घ्यावे याचा नियम सोपा आहे. स्वस्त आणि सहज बिघडणारा भाग निम्म्याने अधिक घ्यावा. दहा ट्रान्झिस्टर हवे असतील तर पंधरा, वीस कपॅसिटर हवे असतील तर तीस. महाग आणि टिकाऊ भाग, उदाहरणार्थ स्विच, दहाला एक अधिक घेतला तरी पुरे.

यादी मांडल्यावर एक गोष्ट मुलांच्या चटकन लक्षात येते. आवाज मोठा करण्याचे खरे काम करणारे रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर हे सर्वांत स्वस्त असतात. पैसा जातो तो पेटी, स्विच आणि जॅक यांवर. म्हणून काटकसर तेथेच शोधावी. साच्यात ओतलेली अॅल्युमिनिअमची पेटी उत्तमच, परंतु खाऊचा पत्र्याचा डबाही चालतो. बाहेरच्या विद्युत्लहरींची घरघर आत शिरू नये म्हणून पेटी धातूची असावी आणि ती मंडलाच्या ऋण बाजूस जोडलेली असावी, एवढे पुरे. स्विच आणि जॅक मात्र हलके घेऊ नयेत. पायाचा भार आणि पिनेची ओढाताण त्यांनाच सोसावी लागते.

मूल्य वाचावयास शिकणे

रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगांच्या पट्ट्या असतात. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, आणि तिसरी पट्टी पुढे किती शून्ये द्यावयाची ते सांगते. पिवळा, जांभळा, काळा म्हणजे ४७ ओहम. पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. पिवळा, जांभळा, पिवळा म्हणजे ४७० किलोओहम. केवळ एका पट्टीच्या फरकाने आमची आठ पेडले मुकी राहिली होती. पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये पहिल्या तीन पट्ट्या आकड्यांच्या असतात. संशय आला तर मल्टिमीटरने मोजावे.

कपॅसिटरवर ‘१०४’ असे छापलेले असते. दहापुढे चार शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. पोटेन्शिओमीटरवरील ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरेही महत्त्वाची. आज सर्रास मिळणाऱ्या मालात ‘बी’ म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा आणि ‘ए’ म्हणजे कानाला जाणवेल अशा रीतीने हळूहळू वाढणारा. आवाजाच्या नियंत्रणास ‘ए’ बरा.

ट्रान्झिस्टरचे पाय तर नेहमी पडताळून पाहावेत. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ मध्ये तोच क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. दोघांचे रूप सारखे, कामही जवळपास सारखे, पण एकाच्या छिद्रांत दुसरा तसाच बसविला तर आवाज क्षीण होतो.

पर्याय कधी घ्यावा, हेही शिकावयास हवे. या बूस्टरच्या प्रचलित आराखड्यात ४३० आणि ४३ किलोओहम ही मूल्ये दिसतात. साध्या दुकानांत ती सहसा नसतात, कारण तेथे बारा मूल्यांची मालिका ठेवलेली असते : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि त्यांच्या दसपटी. आम्ही ४७० आणि ४७ घेतो. ते का चालतात? कारण हे दोन रेझिस्टर मिळून व्होल्टेजची विभागणी करतात आणि त्या विभागणीत महत्त्व गुणोत्तराला असते. ते पूर्वीही दहास एक होते, आताही दहास एकच आहे. भाग काय काम करतो हे कळले, तरच पर्याय घेण्याचा अधिकार येतो. ‘चालून जाईल’ हे कारण पुरेसे नव्हे.

मागणी कोठे आणि कशी?

मुंबईत इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा बाजार लॅमिंग्टन रोडवर आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्यास होते. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. विरारहून लोकलने जाऊन ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रलला उतरावे. चर्चगेट ते विरार अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येऊन अर्धा दिवस सहज मोडतो. मुलांना सुटी रविवारी असते आणि नेमकी त्याच दिवशी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून एका फेरीत सर्व काम उरकेल, अशीच तयारी करून निघावे लागते.

दुकानात यादीच्या दोन प्रती न्याव्यात. एक दुकानदारास द्यावी, दुसरीवर आपण खूण करीत जावे. तोंडी आकडे सांगू नयेत. गर्दीच्या गोंगाटात ‘किलो’ हा शब्द सहज हरवतो. जॅक आणि स्विच यांचा नमुना खिशात असावा. दाखवून मागितलेली वस्तू सहसा चुकत नाही. नेलेली गिटारची पिन जॅकमध्ये तेथेच घालून पाहावी.

घरपोच मागवावयाचे असेल, तर सर्व वस्तू एकाच विक्रेत्याकडे मिळतात का ते आधी पाहावे. एखादा भाग थोडा महाग पडला, तरी दुसऱ्या पार्सलचा खर्च वाचतो. परदेशातून मागवावयाचे असल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क दोन्ही धरूनच हिशेब करावा. कार्यक्रमाची तारीख ठरलेली असेल, तर तिच्यापासून मागे मोजत यावे : जोडणीस एक महिना, चुका दुरुस्त करण्यास पंधरा दिवस, माल येण्यास पंधरा दिवस. म्हणजे १४ एप्रिलला वाजावयाचे पेडल असेल, तर मागणी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वीच जावयास हवी.

माल आल्यावर

पार्सल उघडल्यावर लगेच सोल्डरिंगला बसू नये. प्रथम मोजणी, मग मापणी, मग मांडणी. आमच्या वर्गात दोन मुले मिळून हे काम करतात. एक मल्टिमीटर धरतो, दुसरा यादीवर खूण करतो. दर दहातून दोन-तीन रेझिस्टर मोजले तरी पाकीट बदलले आहे का, ते कळते.

मांडणीसाठी घरातला मिसळणाचा डबा हे उत्तम उदाहरण आहे. स्वयंपाक करणारी आई अंधारातही हळद कोठे आणि मोहरी कोठे हे जाणते, कारण वाट्यांची जागा ठरलेली असते. तशीच प्रत्येक मूल्याला आपली जागा असावी. आम्ही कागदी पाकिटे वापरतो. वर मूल्य, रंगपट्ट्या आणि नगांची संख्या लिहितो. काढले की आकडा खोडून नवा लिहावयाचा. आपल्या या किनाऱ्यावरील दमट, खारट हवेत धातूच्या पायांवर आणि तांब्याच्या पट्टीवर लवकर काजळी चढते आणि मग सोल्डर धरत नाही. म्हणून पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि औषधांच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाकाव्यात. पावसाळ्यापूर्वी तर हे न चुकता करावे.

यानंतर प्रत्येक मुलासाठी एक पुडी बांधली जाते. तिच्यात १९ नग आणि यादीची एक प्रत. मुलाने पुडी घेताना स्वतः नग मोजून सही करावयाची. ही सही मुलावर अविश्वास म्हणून नाही. आपल्याला मिळालेले साहित्य योग्य आहे, याची खात्री करून घेण्याचा त्याचा तो हक्क आहे.

जोडणीनंतर नऊ व्होल्टची बॅटरी लावून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर व्होल्टेज मोजतात. ते निम्म्याच्या, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास असावे. एक-दीड व्होल्ट इकडेतिकडे झाले तरी चालते. ते अगदी वर गेले किंवा तळाला बसले, तर संकेताला हलावयास जागाच उरत नाही. हे मोजताना भगवान बुद्धांनी सोण थेरांना दिलेला वीणेचा दृष्टान्त मुलांना आपसूक आठवतो. तार अति ताणलेली नको, अति सैलही नको. वर्गात केवळ बॅटरी किंवा नऊ व्होल्टचा अडॅप्टर वापरला जातो. भिंतीतील विजेला मुलांनी हात लावावयाचा नाही. सोल्डरिंग खिडकीजवळ करावयाचे आणि नंतर हात साबणाने धुवावयाचे.

शेवटी

दुसऱ्या वर्षी दहा पुड्या बांधल्या. नऊ पेडले पहिल्याच दिवशी वाजली. दहाव्यात एक सांधा सुटलेला होता. तो त्याच मुलाने शोधला, आणि चूक खरोखर कोठे होती हे त्याला कळले. आदल्या वर्षी प्रश्न विचारणारा मुलगा आता नववीत होता. त्याने आपली जुनी पेटी उघडली, ४७ ओहमचा रेझिस्टर काढून ४७ किलोओहमचा बसविला आणि पेडल वाजले. काढलेला रेझिस्टर आम्ही यादीच्या वहीत पहिल्याच पानावर चिकटवून ठेवला आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्याकडे वापरात नसलेला मल्टिमीटर, बंद पडलेला रेडिओ किंवा अँप्लिफायर असेल, तर तो भंगारात देऊ नये. त्यातील जॅक, खुंट्या आणि पोटेन्शिओमीटर येथे कामी येतात. ज्यांचे कार्यालय मुंबईत आहे, त्यांनी महिन्यातून एखाद्या शनिवारी आमची यादी घेऊन बाजारात डोकवावे. मात्र यादीतील एखादी वस्तू न मिळाल्यास मनाने दुसरी आणू नये. फोन करावा. आम्ही मुलांना विचारून उत्तर देऊ.